एक मृत्यू, चार अपराधभाव: पाळीव कुत्रा गेल्यानंतरच्या एका घराचे प्रकरण

पाळीव प्राण्याच्या मृत्यूनंतर समुपदेशकाकडे येणारी माणसे बहुधा दुसऱ्या कोणासाठी तरी येतात. या प्रकरणात मुलगा आपल्या आईला घेऊन आला. घरातला लॅब्रॅडॉर कुत्रा जाऊन दीड महिना झाला होता, आईचे जेवण निम्म्यावर आले होते, पहाटे उठण्याची तिची सवय मोडली होती आणि विचारलेल्या प्रश्नाला ती एका शब्दात उत्तर देत असे. ‘‘मला काही झालेलं नाही, घरात बाकी सगळं ठीक आहे, तुम्ही फक्त आईकडे बघा,’’ असे त्याने पहिल्याच भेटीत सांगितले. प्रत्यक्षात त्या घरातील चारही माणसे एकाच दिवसापाशी अडकून पडली होती. कुत्रा आपल्यामुळे गेला, असे प्रत्येकाला मनातून वाटत होते आणि हे बोलून दाखवले तर इतरांचे दुःख वाढेल म्हणून प्रत्येक जण गप्प होता. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. कुत्र्याला येथे ‘खंड्या’ म्हटले आहे, तेही त्याचे खरे नाव नव्हे.

शोक आणि अपराधभाव या दोन गोष्टी वेगळ्या हाताळाव्या लागतात, हे मला या प्रकरणाने जितके स्पष्ट दाखवले तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रकरणाने दाखवले असेल. शोकाला वेळ द्यावा लागतो. अपराधभावाला मात्र माहिती द्यावी लागते, घडलेल्या गोष्टींचा क्रम लावून द्यावा लागतो आणि ऐकणारे माणूस समोर असावे लागते. नुसता वेळ दिला तर तो आत मुरत जातो.

घर आणि माणसे

घरात सत्तरी ओलांडलेली आजी, तिचा मुलगा, सून आणि सात वर्षांची नात अशी चार माणसे राहत. शिवाय दोन कुत्री होती: बारा वर्षांचा खंड्या आणि रस्त्यावरून उचलून आणलेली चार वर्षांची मादी. खंड्याला पिल्लू असताना आजोबांनी घरी आणले होते. तीन वर्षांपूर्वी आजोबांचे निधन झाले आणि त्याला फिरवण्याचे काम आपोआप आजीकडे आले. पहाटे साडेपाचला ती त्याला घेऊन बाहेर पडे. वाटेत कुत्री फिरवणारी इतर मंडळी भेटत, दोन शब्द बोलणे होई. दुपारी घरात कोणी नसताना ती त्याच्याशी बोले. नवरा गेल्यानंतर आजी कोणासमोर फारशी रडली नव्हती, आणि ‘आई किती खंबीर आहे’ असे नातेवाईक कौतुकाने म्हणत. ही गोष्ट मुलाने ओघात सांगितली, पण मला ती फार महत्त्वाची वाटली. जे दुःख माणसांपुढे कधी मांडले गेले नव्हते ते बहुधा दुपारच्या त्या शांततेत कुत्र्यापुढे मांडले जात होते, आणि आता ते ऐकणाराही उरला नव्हता.

सुनेबद्दल घरात सर्वांचे एकमत होते: तिला कुत्र्यांची फारशी आवड नाही. तिनेही हे कधी खोडून काढले नव्हते.

तो दिवस, आणि त्याआधीची एक दुपार

मृत्यूच्या सुमारे दहा दिवस आधी एका दुपारी खंड्या उठायला तयार नव्हता. आजीने हाका मारल्या, त्याने फक्त शेपटी हलवली. ती त्याच्याजवळ बसून राहिली. संध्याकाळपर्यंत तो उठला, पाणी प्यायला, थोडे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा वागू लागला. वय झाले आहे, होते असे कधीकधी, असे समजून आजीने ते कोणालाच सांगितले नाही.

त्या दिवशी सकाळी मात्र तो दारातच कोसळला. मुलाने त्याला उचलून दवाखान्यात नेले. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि पोट फुगले होते. सोनोग्राफीत पोटात रक्त साचलेले दिसले, प्लीहेवर (पोटातील रक्त गाळणाऱ्या अवयवावर) मोठी गाठ दिसली आणि यकृतावरही संशयास्पद डाग दिसले. हे चित्र बहुतांशी हेमँजिओसार्कोमा या रक्तवाहिन्यांच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाचे असावे, असे डॉक्टरांनी सांगितले. हा आजार लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत, विशेषतः उतारवयात आढळतो. गाठ फुटून रक्तस्राव होईपर्यंत तो बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. कधीकधी आधी थोडासा रक्तस्राव होतो आणि आपोआप थांबतो, पोटात सांडलेल्या रक्तातला बराच भाग शरीर परत शोषून घेते, आणि कुत्रा एका दिवसात पूर्ववत दिसू लागतो. खंड्याच्या त्या दुपारी बहुधा हेच घडले होते.

प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया तातडीने करता आली असती. परंतु खंड्याची अवस्था पाहता तो टेबलावरच जाण्याचा धोका मोठा होता. निदान खरे असेल तर शस्त्रक्रियेनंतरही अशी कुत्री बहुधा एक ते तीन महिनेच जगतात, केमोथेरपीची जोड दिली तर ही मुदत चार ते सहा महिन्यांपर्यंत जाते, असेही डॉक्टरांनी सांगितले. काही वेळा अशी गाठ साधी, कर्करोगाची नसलेलीही निघते, हे त्यांनी लपवले नाही. मुलाने बायकोला फोन लावला, तो उचलला गेला नाही. आईला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘‘त्याला घरी आण.’’ सलाइनवर थोडा स्थिर झाल्यावर त्याला घरी आणले गेले आणि दुपारी डॉक्टरांनी घरी येऊन, मुलाच्या सहीनिशी, त्याला इच्छामरणाचे इंजेक्शन दिले. त्याचे डोके आजीच्या मांडीवर होते. नात शाळेत होती. सून पोहोचली तेव्हा सगळे संपले होते.

पुढचा तासाभराचा काळ मुलाने अंगावर घेतला. खंड्याचे दफन त्याने एकट्याने केले, परत येऊन त्याची गादी, भांडी, पट्टा, ब्रश असे सर्व सामान एका पिशवीत भरून बाहेर टाकले आणि शाळेतून आलेल्या मुलीला सांगितले की खंड्या म्हातारा झाला म्हणून त्याला एका मोठ्या मोकळ्या जागेवर राहायला पाठवले आहे. आईला त्रास होऊ नये, मुलीला धक्का बसू नये, हाच त्याचा हेतू होता. रात्री सगळे झोपल्यावर आजी बाहेर गेली आणि पिशवीतून गळ्याचा पट्टा काढून आणला. बक्कलमध्ये चार-सहा पिवळसर केस अडकलेले होते, आतल्या बाजूला चामडे घासून काळे आणि तुळतुळीत झाले होते, आणि त्याला अजून त्याचा वास येत होता. हातरुमालात गुंडाळून तिने तो उशीखाली ठेवला आणि घरात कोणालाही कळू दिले नाही.

चौघांचे चार हिशेब

मी चौघांशी आधी स्वतंत्रपणे बोलले. एकत्र बसवण्याची घाई केली असती तर प्रत्येकाने दुसऱ्याला सांभाळून घेणारे तेच जुने बोलणे पुन्हा केले असते.

आजीचा हिशेब साधा होता. त्या दुपारी आपण सांगितले असते तर तो वाचला असता. हे वाक्य तिने दीड महिन्यात कोणापुढेही उच्चारले नव्हते.

मुलाची अवस्था सर्वांत बिकट होती, कारण त्याच्या हातून काहीतरी राहून गेले नव्हते, त्याने काहीतरी केले होते. आपण सही केली. ती गाठ साधी असती तर? त्याहून भयंकर अशी एक गोष्ट त्याने पाहिली होती आणि तिचा अर्थ त्याला कोणी सांगितला नव्हता. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून ‘गेला’ असे सांगितल्यानंतर खंड्याच्या छातीने एकदा जोरात उसासा टाकल्यासारखी हालचाल केली, मागचा पाय थरथरला, आणि डोळे तर मिटलेच नव्हते. तो अजून जिवंत होता आणि आपण त्याला तसाच पुरला, या कल्पनेने मुलाला रात्री जाग येत असे. मृत्यूनंतर काही मिनिटे अशा हालचाली होऊ शकतात. त्या मज्जासंस्थेच्या खालच्या पातळीवरच्या प्रतिक्षिप्त क्रिया असतात, हृदय थांबलेले असते, जाणीव त्याआधीच गेलेली असते. पापण्या मिटण्यासाठी स्नायूंनी काम करावे लागते, म्हणून डोळे उघडेच राहतात. इंजेक्शनच्या आधी हे कुटुंबाला सांगणे अत्यंत गरजेचे आहे, असे माझे ठाम मत आहे. त्या दोन वाक्यांअभावी किती माणसे वर्षानुवर्षे चुकीची प्रतिमा उराशी घेऊन जगत असतील, याचा विचार मनाला लागून राहतो.

नात पहिल्यांदा गप्प होती. मग चित्र काढता काढता तिने सांगितले की खंड्याने तिची चित्रांची वही चावली होती, म्हणून ती त्याला म्हणाली होती, ‘तू जा इथून, मला नको आहेस तू.’ दोन दिवसांनी तो गेला. बाबा म्हणतात तो मोकळ्या जागेवर राहतो, पण तिने बाबांना फोनवर ‘झोपेचं इंजेक्शन दिलं’ असे बोलताना ऐकले होते. तेव्हापासून ती एकटी झोपायला तयार नव्हती आणि शाळेत लस देणार म्हणताच रडून तिने घर डोक्यावर घेतले होते. घरच्यांनी ते हट्ट म्हणून सोडून दिले होते.

सून शेवटी बोलली. ‘‘फोनवर कळलं तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं. मग मला माझीच किळस आली.’’ शेवटचे आठ महिने खंड्याला रात्री लघवी आवरत नव्हती. फरशी पुसणे, चादरी धुणे, त्याचे कान साफ करणे, सांध्यांची गोळी खाण्यात लपवून देणे, हे सगळे पहाटे आणि रात्री तीच करत होती. ज्याची दीर्घकाळ शुश्रूषा केली तो गेल्यावर सुटका झाल्यासारखे वाटणे आणि त्याच वेळी मन पोखरून निघणे, या दोन गोष्टी एकत्र नांदतात. माणसाच्या आजारपणात हे आपण आता थोडेफार मान्य करतो. तिला मात्र घराने आधीच ‘आवड नसलेली’ ठरवल्यामुळे तिच्या वाट्याला सांत्वनही आले नव्हते. शोकाचे अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात समाजाची मान्यता न मिळालेल्या शोकाचा विचार मांडला आणि पाळीव प्राण्यांच्या मृत्यूचा शोक त्यात अगदी चपखल बसतो. या घरात तो एक पायरी आणखी आत गेला होता. बाहेरच्या जगाने कुटुंबाचा शोक मानला नाही, आणि कुटुंबाने सुनेचा.

हकीकत क्रमाने ऐकणे

कामाची सुरुवात मी मुलीपासून करायचे ठरवले, कारण तिची भीती रोज वाढत होती आणि खोटे जितके लांबते तितके ते सोडवणे अवघड होते. खरे सांगण्याचे काम वडिलांनीच करावे, असे ठरले. शब्द आम्ही आधी एकत्र बसून तयार केले. त्याने तिला जवळ घेऊन सांगितले ते साधारण असे: ‘‘मी तुला खरं सांगितलं नव्हतं, कारण तू रडशील असं मला वाटलं. खंड्या मेला. त्याच्या पोटात एक गाठ होती, ती फुटली आणि आतल्या आत खूप रक्त गेलं. डॉक्टरांना ते बरं करता येत नव्हतं आणि त्याला श्वास घ्यायला त्रास होत होता. म्हणून त्यांनी एक औषध दिलं, त्याने त्याचं शरीर थांबलं. ते औषध लसीसारखं नसतं, तुला डॉक्टर देतात त्यातलं ते नाही. ती झोप नव्हती. झोपलेला माणूस उठतो, मेलेला उठत नाही. आणि तू ‘जा’ म्हणालीस म्हणून कोणाच्या पोटात गाठ होत नाही. ती गाठ त्याच्या आधीपासून होती.’’

ती रडली. मग तिने विचारले की मातीखाली त्याला अंधाराची भीती वाटत असेल का, आणि त्याला भूक लागली तर काय. हे प्रश्न ऐकून वडील गडबडले, पण ते अपेक्षितच होते. मृत्यू परत फिरवता येत नाही, मृत शरीराची सर्व कार्ये थांबतात आणि तो प्रत्येक सजीवाला येतो, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात उमगू लागतात, असे स्पीस आणि ब्रेंट यांनी १९८४ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले होते. उमगू लागतात म्हणजे तिन्ही एकदम उमगतात असे नव्हे. या मुलीला पहिली गोष्ट कळली होती, दुसरी अर्धी कळली होती. तेच प्रश्न तिने पुढचे कित्येक दिवस विचारले आणि घरच्यांनी न कंटाळता तेच उत्तर दिले.

मोठ्यांसाठी मी वेगळा मार्ग धरला. उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना विनंती करून चौघांची त्यांच्याशी भेट ठरवली. मुलगी थोडा वेळ बसून बाहेर खेळायला गेली. डॉक्टरांनी कागद समोर ठेवून सकाळपासून दुपारपर्यंत काय दिसले, काय केले आणि का केले हे क्रमाने सांगितले. मग मुलाने तो प्रश्न विचारला: गाठ साधी असण्याची शक्यता होती की नाही?

डॉक्टरांनी ‘नव्हती’ असे उत्तर दिले असते तर ते सोपे झाले असते. त्यांनी तसे केले नाही. पेशी तपासल्याशिवाय शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही, पण वय, जात, पोटातले रक्त आणि यकृतावरचे डाग हे सगळे एकत्र धरले तर ती शक्यता कमी होती, आणि त्या अवस्थेत तो भुलीतून बाहेर येण्याची शक्यताही कमी होती, असे त्यांनी सांगितले. ‘‘त्या सकाळी जेवढं कळू शकत होतं तेवढं तुम्हाला कळलं होतं, आणि त्यावर तुम्ही निर्णय घेतलात,’’ हे त्यांचे शब्द. खोट्या खात्रीने मिळणारे समाधान पहिल्या शंकेला कोसळते. अनिश्चितता उघडपणे मान्य केली की माणसाला आपल्या निर्णयाकडे त्या दिवशीच्या डोळ्यांनी पाहता येते, आजच्या नव्हे. मुलगा त्या उसाशाबद्दलही तेथेच बोलला. तो प्रसंग आजीनेही पाहिला होता आणि तिलाही तीच शंका होती, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळले.

त्यानंतर आजीने मृत्यूच्या दहा दिवस आधीच्या त्या दुपारचे सांगितले. मुलगा काही बोलणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, ‘‘आजी, तुम्ही त्याला संध्याकाळी माझ्याकडे आणलं असतंत तर तो मला चालत आलेला दिसला असता. कदाचित सोनोग्राफीत गाठ सापडली असती, कदाचित मी ती केलीही नसती. सापडली असती तरी आजार तोच होता.’’ तिने विचारले, ‘‘मग मी बघायला काय हवं होतं?’’ या प्रश्नाचे मला फार महत्त्व वाटते, कारण ‘मी काय केले’ हा प्रश्न सोडून ती ‘काय करता येते’ या प्रश्नाकडे वळली होती. डॉक्टरांनी तिला हिरडी तपासायला शिकवले: ओठ वर करून हिरडीवर बोट दाबायचे, सोडल्यावर पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. हिरडी मुळातच फिकट दिसली किंवा रंग परत यायला वेळ लागला तर थांबायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा. त्या संध्याकाळी आजीने धाकट्या कुत्रीच्या हिरड्या तपासल्या, आणि मग नातीलाही शिकवले.

पट्टा, वही आणि पहाट

पट्ट्याचे गुपित आजीने मला आधीच सांगितले होते. ‘वस्तू जपून ठेवल्या तर माणूस त्यातच गुंतून राहते’ असा एक समज आहे. माझा अनुभव तसा नाही. गेलेल्याशी नाते तोडणे हे शोकाचे उद्दिष्ट मानण्याची पद्धत क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांच्या १९९६ च्या ग्रंथानंतर बरीच मागे पडली आहे. नाते वेगळ्या रूपात टिकते आणि टिकायला हरकत नसते. प्रश्न पट्टा असण्याचा नव्हता, तो लपवावा लागण्याचा होता. आजीने तो बाहेर काढून मुलाला दाखवला, तेव्हा त्याला आपण सगळे सामान टाकून काय केले हे जाणवले आणि तो खूप रडला. घरातल्या मोठ्यांपैकी पहिल्यांदाच कोणीतरी दुसऱ्यासमोर रडले होते.

नातीने आपणहून एक वही केली. ‘खंड्याचा दिवस’ असे तिने पहिल्या पानावर लिहिले आणि सकाळपासून रात्रीपर्यंत तो काय करायचा त्याची चित्रे काढली, प्रत्येक पानावर त्याच्याबरोबर कोण असायचे तेही काढले. पहाटे आजी, संध्याकाळी बाबा, दुपारी पुन्हा आजी. पण कान साफ करताना आई होती, गोळी देताना आई, रात्री फरशी पुसताना आई, अंगावर पाणी घालताना आई. मोठ्या माणसांना जे वर्षानुवर्षे दिसले नव्हते ते सात वर्षांच्या मुलीच्या वहीत सरळ उतरले होते. आजीने ती वही दोनदा उलटून पाहिली आणि सुनेला म्हणाली, ‘‘तू त्याचं सगळं करत होतीस, आणि आम्ही तुला विचारलंसुद्धा नाही.’’ सुनेने ‘‘आई, राहू द्या,’’ एवढेच उत्तर दिले. त्या दिवशी तिने आणखी काही बोलावे अशी अपेक्षा मी धरली नाही आणि कुटुंबालाही धरू दिली नाही.

आजीच्या बाबतीत पहाटेचा प्रश्न वेगळा होता. कुत्र्याबरोबर तिचे चालणे गेले होते, ओळखीच्या चार माणसांशी बोलणे गेले होते, उठण्याचे कारण गेले होते. श्ट्रोब आणि शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार शोक करणारे माणूस दोन बाजूंमध्ये येरझाऱ्या घालते: कधी गमावलेल्याकडे, कधी बदललेल्या आयुष्याची घडी बसवण्याकडे, आणि या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात. आजी पहिल्या बाजूलाच थांबली होती, तर मुलगा फक्त दुसऱ्या बाजूला. तिने धाकट्या कुत्रीला घेऊन पहाटे निघावे, पण पहिले काही दिवस रस्ता बदलावा, असे आम्ही ठरवले. ओळखीच्या रस्त्यावर ‘खंड्या कुठे?’ असे विचारणारे भेटणार होते आणि त्याचे उत्तर आधी घरी मोठ्याने म्हणून पाहण्याची तिला गरज होती. नंतर ती आपणहून जुन्या रस्त्याला लागली.

याच काळात ती नवऱ्याबद्दल बोलू लागली. तीन वर्षांपूर्वीचे दुःख आता बाहेर येत होते आणि त्याला वेगळा वेळ द्यावा लागला. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाच्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात स्थान आहे. किमान सहा महिने टिकणारी, रोजचे जगणे अशक्य करणारी ओढ आणि वेदना ही त्याची खूण मानली जाते, आणि ती व्याख्या जवळच्या माणसाच्या मृत्यूसाठी आहे. त्यामुळे खंड्याच्या बाबतीत ते निदान लागू नव्हते, पण आजोबांच्या बाबतीत मी त्यावर लक्ष ठेवले. जेवण आणखी कमी झाले किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचे, हे मुलाला स्पष्ट सांगून ठेवले होते. तशी वेळ आली नाही.

कुटुंबाने एकदा विचारले की शोकाच्या पाच पायऱ्यांपैकी (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) आम्ही कोणत्या पायरीवर आहोत. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या स्वतः मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. शोक करणाऱ्या घराला त्या क्रमाने चढाव्याच लागतात असे नाही, आणि ‘अजून राग का आला नाही’ याची काळजी करण्याचे तर काहीच कारण नाही.

धाकटी कुत्री

तिच्याकडे सर्वांचे दुर्लक्ष झाले होते. ती दाराशी बसून राहायची, निम्मे अन्न ठेवायची आणि आजीच्या मागे मागे फिरायची. इटलीतील ४२६ कुत्रामालकांच्या पाहणीवर आधारित, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोबतचा कुत्रा गेल्यानंतर मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात बदल झाल्याचे ८६ टक्के मालकांनी सांगितले. लक्ष वेधून घेणे, खेळ कमी होणे, भूक मंदावणे हे त्यांतले ठळक बदल होते. दोघे किती वर्षे एकत्र राहिले यापेक्षा त्यांचे पटत कसे होते याला जास्त महत्त्व दिसले, आणि मालकाच्या दुःखाशीही त्या बदलांचा संबंध आढळला. या कुत्रीसाठी आम्ही जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा घट्ट पाळायला सांगितल्या. भूक मंदावण्यामागे आजारही असू शकतो, म्हणून तिची तपासणीही करून घेतली. तपासणीत काही निघाले नाही.

‘कुत्रंच होतं ना’

हे वाक्य चौघांनाही वेगवेगळ्या तोंडून ऐकावे लागले. कामाच्या ठिकाणी मुलाने रजा मागितली तेव्हा त्याने कारण तापाचे सांगितले, कारण खरे सांगण्याची सोय नव्हती. हे वाक्य बोलणाऱ्यांना मी क्रूर म्हणणार नाही. पण कुत्र्यासाठी शोक करणे हे आजच्या सुखवस्तू जगाचे फॅड आहे, असा त्यामागचा समज मात्र खरा नाही. जर्मनीतील बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत पुरलेले जेमतेम सात महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू होते. त्याच्या दातांवरील खुणांवरून ते डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाने आजारी पडले असावे आणि माणसांनी काही आठवडे शुश्रूषा केल्याशिवाय इतके जगले नसावे, असा निष्कर्ष संशोधकांनी २०१८ मध्ये मांडला. शिकारीला किंवा राखणीला उपयोग नसलेल्या आजारी पिल्लाची कोणीतरी इतकी काळजी घेतली होती. मी हे मुलाला सांगितले तेव्हा त्याने पुढच्या वेळी खरे कारण सांगण्याचे ठरवले.

पुढचे महिने

एका हितचिंतकाने पिल्लू देऊ केले होते आणि आईसाठी म्हणून मुलगा होकार देण्याच्या बेतात होता. नवा कुत्रा आणण्याची योग्य वेळ कॅलेंडर सांगत नाही. मी दोनच प्रश्न विचारले: येणाऱ्या पिल्लाने खंड्यासारखे वागले नाही तर चालेल का, आणि हे पिल्लू घरातल्या चौघांना हवे आहे की एकाने दुसऱ्यासाठी ठरवले आहे? आजीने उत्तर दिले की तिला पिल्लू नको, तिच्या वयाला त्याच्यामागे धावणे झेपणार नाही. हे तिला आधी कोणी विचारले नव्हते. पिल्लू आले नाही.

सहा महिन्यांनंतर आजीचे जेवण आणि झोप पूर्ववत झाली होती. मुलीने लस घेतली आणि ती स्वतःच्या खोलीत झोपू लागली. मुलाला दवाखान्याच्या रस्त्याने जाणे अजून जड जाते, आणि त्यावर काम चालू आहे. सून मात्र मला एकटीने भेटायला आली, कारण खंड्याच्या निमित्ताने तिच्या लक्षात आले होते की घरातले न दिसणारे काम सगळे तिच्याकडेच येते. तो विषय वेगळा होता आणि आम्ही तो वेगळा हाती घेतला.

चौघांनी मिळून धाकट्या कुत्रीसाठी एक कागद तयार केला आहे. पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडलेली जीवनमानाची मोजपट्टी त्यांनी त्यावर उतरवली आहे. तिच्यात वेदना, भूक, शरीरातील पाण्याचे प्रमाण, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त असणे या सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे असतात, आणि एकूण बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणे सुसह्य मानले जाते. तिच्या म्हातारपणी दर महिन्याला गुण चौघांनी वेगवेगळे द्यायचे आणि मग एकत्र बसून पाहायचे, असे ठरले आहे. अंतिम निर्णयाची वेळ आली तर सही कोणा एकाची असली तरी कागदावर चौघांची नावे असतील, ही अट मुलाने घातली आणि आजीने ती स्वतःच्या हाताने लिहिली.